पाण्यात ठेवलेली कवळी

माझ्या नवऱ्याचे दात मला बोळातल्या कपाटात सापडले, तेव्हा नवरा पलीकडच्या खोलीत मेण वितळवत बसला होता आणि त्याचे दात त्याच्या तोंडात होते.

मी शोधत होते बॅगेचं कुलूप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला ताईकडे जायचं होतं, चांगले पंधरा दिवस राहायला, आणि कुलूप नेहमीच्या जागी नव्हतं. आमच्या घरात जी वस्तू सापडत नाही ती शेवटी ह्यांच्या कपाटात निघते. वरच्या कप्प्यात प्लास्टरच्या पिशव्या, मधल्या कप्प्यात लोकांच्या जबड्यांचे साचे, आणि सगळ्यात खाली, जुन्या टॉवेलामागे, माझा स्टीलचा डबा. झाकणाला पोचा असलेला, तोच. हा डबा कित्येक महिने हरवला होता. तो शेजारणीनं नेऊन परत केला नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. झाकण उघडलं तर आत पाणी आणि पाण्यात कवळी.

कवळी बघून मी दचकले असं कोणी समजू नये. आमची चूल कवळ्यांवरच पेटते. गावातले दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे ठसे घेऊन ह्यांच्याकडे पाठवतात आणि हे त्या ठशांवरून साचा ओततात, मेणात एकेक दात बसवतात, गुलाबी हिरडी कोरतात. लहानथोर सगळे ह्यांना कवळीकाका म्हणतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा खिडकीत ओळीनं वाळत ठेवलेले जबडे बघून माझी गाळण उडाली होती. पुढे त्याच जबड्यांच्या शेजारी मी माझ्या बालवाडीतल्या मुलांनी केलेले मातीचे हत्ती वाळत ठेवायला लागले.

ह्यांचं काम नावाजलेलं आहे, कारण ह्यांच्या कवळ्या खोट्या दिसत नाहीत. हे गिऱ्हाइकाकडून आधी तरुणपणचा हसरा फोटो मागून घेतात. एखादा दात थोडा तिरका, एखाद्या जागी बारीकशी फट, म्हाताऱ्या माणसाला जरा पिवळसर रंग. "पांढरेशुभ्र, एकसारखे दात म्हणजे कुंपण," असं हे म्हणतात. ह्यांच्या कवळीला कोणी "अगदी खरी वाटते" म्हटलं की तो सबंध दिवस हे गुणगुणत काढतात.

पण डब्यातली कवळी निराळी होती. वरच्या ओळीत डावीकडे, समोरच्या दाताशेजारचा दात जरासा पुढच्याच्या अंगावर रेललेला. खालच्या एका दाताचा कोपरा उडालेला. मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले. हे हसू मी ओळखायचं नाही तर कोणी?

कामाच्या खोलीत जाऊन मी डबा ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ही कोणाची?"

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिऱ्हाइकाची."

"गिऱ्हाइकानं पण लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दातानं सोड्याची बाटली उघडली होती का?"

ह्यांनी दिव्याची ज्योत बारीक केली, मग विझवलीच. हा माणूस खोटं बोलायचं असलं की हाताला काम शोधतो आणि खरं बोलायचं ठरलं की हातातलं काम खाली ठेवतो. मेणाची सुरी खाली ठेवली गेली, तेव्हा मी स्टूल ओढून बसले.

"अगं, माझीच आहे," हे म्हणाले. "म्हणजे, होणार आहे."

"कधी?"

"परवा."

परवा मी ताईकडे असणार होते. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण हे घाईघाईनं पुढे बोलायला लागले.

"तू गेलीस की सगळे दात काढून घेणार होतो. बाहेरगावच्या एका डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, आधी येऊन दाखवा, मग ठरवू. मी म्हटलं, त्यात बघायचं काय? काढले की लगेच ही बसवायची. तू येईपर्यंत सूज उतरली असती. तुला पत्ताही लागला नसता."

"मला पत्ता लागला नसता."

"घसा बसलाय म्हणून सांगणार होतो. थोडे दिवस कमी बोललो असतो."

"तुम्ही कमी बोलला असता, आणि मला संशय आला नसता."

यावर ह्यांना हसू आलं आणि हसताना ह्यांचा हात तोंडापुढे गेला. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ह्यांचं हसणं म्हणजे एके काळी आमच्या गल्लीची करमणूक होती. नाटकाला गेलो की लोक विनोदावर एकदा हसायचे आणि ह्यांच्या हसण्यावर दुसऱ्यांदा. अलीकडे हे ओठ मिटून हसायला लागले, तेव्हा मला वाटलं, माणूस पोक्त झाला. अख्खं सफरचंद हातात धरून कराकरा खाणारे हे फोडी करून मागायला लागले, तर मला वाटलं, चला, उशिरा का होईना, चारचौघांसारखं खायला शिकले. तोंडात सदानकदा लवंग, तर मला वाटलं, खोकला असेल. बालवाडीत रोज सकाळी पोरांची रांग लावून मी सगळ्यांचे दात बघते. घरचं एक तोंड तेवढं तपासणीतून सुटलं होतं.

"आ करा," मी म्हटलं.

"काय बघायचंय त्यात."

"आ करा म्हटलं ना." हा माझा बालवाडीतला आवाज आहे. त्याला आजवर एकाही पोरानं नाही म्हटलेलं नाही.

ह्यांनी आ केला. हिरड्या लालभडक आणि फुगलेल्या होत्या, कडेला तर चकाकत होत्या. दात लांब दिसत होते, मुळापाशी पिवळे. हे दोन बोटांनी खालचा पुढचा दात धरून हलवून दाखवायला लागले आणि तो हलला.

"रक्त येतं?"

"ब्रश लावला की यायचं. मग मी तिथं ब्रश लावायचं सोडलं. दुखऱ्या जागेला कशाला डिवचायचं?"

"आणि आता?"

"आता न लावताही येतं. सकाळी उशीवर असतं कधी कधी." "अगं, आमच्या घराण्यात दात टिकतच नाहीत. बाबांचे पन्नाशीत गेले. मी केलेली पहिली कवळी त्यांचीच. माझे चार वर्षं जास्त चालले, तेच खूप झालं. म्हणून म्हटलं, तोंडात आहेत तोवर ठसा घेऊन ठेवावा. कवळी बसवली तरी निदान तुला समोर तेच दिसतील."

यावर रागवावं की रडावं हे मला कळेना. माझ्यासाठी हा माणूस कोणाला न सांगता स्वतःच्या तोंडात ठशाचा साचा कोंबून बसला होता. तो दिवसही मला आठवला. चहाला हाक मारली तर आतून नुसतं "ऊं, ऊं" आलं होतं आणि मी चहा झाकून ठेवला होता.

"ठसा बाहेर काढताना धाकधूक होती," हे म्हणाले. "म्हटलं, दात ठशाबरोबरच येतात की काय."

मी उठले आणि ताईला फोन लावला.

"ताई, माझं येणं लांबणीवर पडलं."

"का गं? काय झालं?"

"ह्यांच्या दातांचं निघालंय."

"कवळीवाल्याच्या दातांचं?" असं म्हणून ताई जी हसत सुटली ती थांबेचना. फोनमधून ते खोलीभर ऐकू गेलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खांदे पाडले.

"हेच होणार," हे म्हणाले. "उद्या गावभर हेच होणार. कवळीवाल्याचेच दात हलतायत."

डॉक्टरीणबाईचा दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचे वडील, मोठे डॉक्टर, ह्यांचे जुने स्नेही. आता ते थकलेत आणि दवाखाना लेक चालवते. लहानपणी ती शाळा सुटली की ह्यांच्या टेबलाशी येऊन बसायची आणि हे तिला मेणाचे ससे करून द्यायचे. तिच्याकडे जायचं नाव काढताच ह्यांनी मान हलवली.

"तिच्यासमोर मी आ करू? जिला मी सशाचे दात कसे कोरायचे ते शिकवलं तिच्यासमोर?"

"नाही आलात तर मी हा डबा तिच्या टेबलावर नेऊन ठेवीन. मग काय सांगायचं ते तिला तुम्हीच सांगा."

हे आले. वाटेत तीन ओळखीचे भेटले आणि तिघांनीही विचारलं, "काय काका, दवाखान्यात? कवळी पोचवायला वाटतं?" तिघांनाही हे "हो" म्हणाले. तसं ते खोटं नव्हतं, डबा माझ्या पिशवीत होता.

डॉक्टरीणबाईनं आधी डबा उघडून बघितला. कवळी हातात घेऊन तिनं ती उजेडात फिरवली. रेललेल्या दातावरून अंगठा फिरवला.

"काका, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे हे," ती म्हणाली. मग कवळी परत पाण्यात ठेवली. "आता खुर्चीत बसा."

तिच्या हातात एक बारीक सळई होती, टोकाला खुणा केलेली. ती हलकेच दात आणि हिरडी यांच्या मधे घालून, किती आत जाते ते बघून ती मोठ्यानं आकडे सांगत होती आणि तिची मदतनीस ते लिहीत होती. मला तिनं आधीच समजावून ठेवलं होतं, तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या पुढे पोकळी झालीय असं समजायचं. "तीन, तीन, पाच. पाच, सहा, पाच." परीक्षेला आपलं पोर बसलेलं असावं तशी मी जीव मुठीत धरून ऐकत होते. मागच्या दाढेपाशी ती "नऊ" म्हणाली आणि सळई लाल होऊन बाहेर आली. हे खुर्चीच्या हातांना घट्ट धरून छताकडे बघत होते.

मग फोटो काढला, आतलं हाड दिसतं तो. डॉक्टरीणबाईनं तो पडद्यावर लावला.

"काकू, कुंडीतली माती खाली गेली की रोपाची मुळं उघडी पडतात ना, तसं झालंय. रोप चांगलं आहे. काका, तुमच्या दातांना कीड नाही, काही नाही. बिघडलीय ती त्यांच्या भोवतालची जागा. हिरडीच्या आत दगडासारखा थर बसलाय, तो तिथं बसून हाड खातोय."

"म्हणजे गेलेच," हे म्हणाले.

"एक जाईल. मागची ती दाढ. बाकीचे राहतील."

"अगं, का उगाच धीर देतेस? मी सगळं आयुष्य हेच बघितलंय. हलायला लागलेला दात राहत नाही. माझ्याकडे जेवढे आले, सगळ्यांचं हेच. आधी रक्त, मग हलणं, मग मी."

डॉक्टरीणबाईनं मास्क खाली केला. "काका, तुमच्याकडे कोण येतं?"

"म्हणजे?"

"ज्यांचे दात गेले ते. ज्यांचे राहिले ते तुमच्याकडे कशाला येतील? ते माझ्याकडे येतात, दर तीन-चार महिन्यांनी. बाहेर बाकावर बसलेत ना आत्ता, त्यांतल्या निम्म्यांचे दात एके काळी तुमच्यासारखे हलत होते."

 बाहेरच्या बाकावर एक पोस्टमन कापलेला पेरू चावत बसला होता. ह्यांनी अर्धवट उघड्या दारातून त्याच्याकडे बराच वेळ निरखून बघितलं, गिऱ्हाइकाच्या फोटोकडे बघतात तसं.

"बाबांना साखर होती का?" तिनं विचारलं.

"होती. शेवटी पायाची जखम भरली नव्हती."

"मग घराण्याला बोल लावण्याआधी तुमची साखर तपासू. साखर वाढली की हिरड्यांची तीच गत होते."

साखर वाढायच्या उंबरठ्यावर निघाली. त्या दिवसापासून आमचा चहा बिनसाखरेचा झाला. मला साखर चालते, पण समोर बसून गोड चहा प्यायची माझी छाती झाली नाही.

दाढ पहिल्याच खेपेला काढली. नंतर एकेक बाजू करत चार खेपांत साफसफाई झाली. हिरडी बधिर करून, आतपर्यंत जाऊन मुळांवरचा थर खरवडून काढायचा, असं ते काम. हे खुर्चीत पडल्या पडल्या तिच्या हत्यारांची परीक्षा करत. "ह्या आकडीला धार कमी आहे," असं एकदा आ केलेल्या तोंडानं म्हणाले, ते तिला बरोबर कळलं आणि तिनं आकडी बदलली. घरी आल्यावर अर्धा ओठ बधिर, चहाचा घोट एका कोपऱ्यातून आत आणि दुसऱ्यातून सदऱ्यावर. मी हसू दाबत फडकं पुढे केलं.

खरी लढाई घरातल्या बेसिनपाशी झाली. ब्रश कसा लावायचा हे शिकवायला डॉक्टरीणबाईनं कपाटातून प्लास्टरचा जबडा काढला होता. तो ती कॉलेजात असताना ह्यांनीच तिला करून दिला होता. त्या जबड्यावर तिनं दाखवलं, ब्रश मऊ घ्यायचा, दात आणि हिरडी मिळतात तिथं तिरका धरायचा, जागच्या जागी हळूच हलवायचा. फटींसाठी निराळा चिमुकला ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणावं असा. आणि एक गोष्ट तिनं बजावून सांगितली, "जिथं रक्त येतं तिथं ब्रश चुकवायचा नाही. ती जागाच तुम्हाला बोलावतेय."

पहिल्याच आठवड्यात बेसिन गुलाबी झालं आणि ह्यांनी ब्रश खाली ठेवला.

"बघ. बिघडतंय. मी म्हटलंच होतं."

"धरा तो ब्रश."

"दुखतं गं."

"मी मागे उभी आहे. वरची डावी बाजू राहिली." पोरांसाठी मी बालवाडीत एक लांबलचक गाणं केलंय, ते संपेपर्यंत ब्रश तोंडातून काढायचा नाही असा नियम आहे. ते गाणं मी रोज सकाळी न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हटलं. हत्ती आंघोळीला जातो आणि साबण हरवतो असं ते गाणं. हे कुरकुरत का होईना, साबण सापडेपर्यंत ब्रश करत राहिले. शेजारणीनं एकदा खिडकीतून विचारलं, "घरी नातवंडं आलीत का?" तिच्याशी मी आता पुन्हा भरभरून बोलत होते, डब्यावरून तिच्यावर संशय घेतल्याचं मनाला लागलं होतंच, पण दातांचं सांगितलं नाही. "हो, एक आलंय," म्हटलं. "जरा हट्टी आहे."

आणि मग एका सकाळी ह्यांची हाक आली. "अगं, इकडे ये. लवकर ये."

मी हातातलं टाकून धावले. वाटलं, दात पडला. हे बेसिनपाशी उभे होते, तोंडाभोवती फेस, आणि बोटानं खाली दाखवत होते. बेसिनमधला फेस पांढरा होता. आम्ही दोघं तो बघत उभे राहिलो. लोक समुद्र बघायला उभे राहतात, आम्ही बेसिन बघत होतो. मला मनापासून आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. ह्यांच्या गालावरचा फेस मी पदरानं पुसला.

पण एक गोष्ट मी बघत होते. डबा पुन्हा कपाटात गेला होता आणि दर आठवड्याला हे त्यातलं पाणी बदलत होते. कवळी पाण्यात ठेवावी लागते, कोरडी पडली की तिचा आकार बिघडतो आणि मग ती तोंडात बसत नाही. गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा हेच सांगतात.

"अजून कशाला?" मी एकदा विचारलं.

"असू दे," हे म्हणाले. "सांगता येत नाही."

ह्यांचा डॉक्टरीणबाईवर विश्वास बसला होता, ब्रशवर बसला होता. स्वतःच्या दातांवर बसत नव्हता. हसताना हात अजून तोंडाकडे जात होता. रात्री जेवल्यावर आरशापुढे उभे राहून हे एकेका दाताला बोट लावून बघत, घराची कुलपं लागलीत का बघावं तसं.

तीन महिन्यांनी सळई पुन्हा फिरली. "दोन, तीन, दोन. तीन, तीन, चार." चारच्या वर आकडा गेलाच नाही. मदतनीससुद्धा लिहिता लिहिता हसली. खालचे पुढचे दात मात्र अजून थोडे हलत होते, ते डॉक्टरीणबाईनं मागच्या बाजूनं बारीक तारेनं एकमेकांना बांधून टाकले.

"गेलेलं हाड परत येणार नाही, काका. ते खोटं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "सूज उतरलीय, म्हणून दात लांब दिसणार, मधे फटी दिसणार. थंड पाणी झोंबेल. आणि सफरचंद अख्खं चावायचं नाही. फोडी करूनच खायचं."

"किती दिवस?"

"आता कायमच."

हे "बरं" म्हणाले. घरी येताना फळवाल्याच्या गाडीपाशी हे क्षणभर रेंगाळले. एक सफरचंद उचललं, हातात फिरवलं, आणि मला दिलं. घरी आल्यावर मी त्याच्या फोडी केल्या. बारीक केल्या. दोघांनी मिळून खाल्ल्या, तेव्हा हे आरशात बघून म्हणाले, "कवळीतले दात माझ्यापेक्षा तरुण राहिले बघ." मला त्या वाक्याचं वाईट वाटलं. मला तर हेच दात हवे होते, फटींसकट. तसं मी ह्यांना सांगितलंही. ह्यांनी ऐकलं आणि पुढची फोड उचलली.

मी ताईकडे जाऊ शकले नाही म्हणून शेवटी ताईच चार दिवसांसाठी आली. पहिल्याच दिवशी जेवताना तिनं स्वतःची एक फजिती सांगायला घेतली. बाजारातून बाहेर येऊन ती घाईघाईत एका स्कूटरवर मागे बसली, आणि भाजी किती महाग झाली, तुम्ही घरात कशी काडीची मदत करत नाही, असं पुढच्या चौकापर्यंत सुनावत राहिली. चौकात स्कूटर थांबली, पुढच्या माणसानं हेल्मेट काढलं आणि हात जोडून म्हणाला, "बाई, माझं लग्नच झालेलं नाही."

ह्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग ते जुनं, गल्लीभर जाणारं हसणं बाहेर पडलं. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. हात ताटाशेजारी होता, तो तिथंच राहिला. लांबट झालेले दात, मधल्या फटी, डावीकडचा तो रेललेला दात, सगळं उजेडात दिसत होतं. किती दिवसांनी दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी हसण्याच्या नावावर खपवलं.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ताई माझ्या कानाशी लागली.

"शेवटी भावोजींनी बसवली ना?"

"काय?"

"कवळी गं. फोनवर मी हसले ते माझं चुकलंच. पण काय सुरेख झालीय. अगदी खरी वाटते. फटीसुद्धा ठेवल्यात बघ, आणि वयाला शोभतील असे लांबट दात. कोणाला म्हणून कळायचं नाही. माझ्यावर वेळ आली की मी भावोजींकडूनच करून घेणार बाई."

मी तोंड उघडलं होतं. पण दारात हे रिकामी ताटं घेऊन उभे होते. सगळं ऐकलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. ह्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, सांगू नकोस म्हणून.

"हिरडीला जरा वेळ लागला, ताई," हे म्हणाले. "बाकी काम जमलं."

ताटं ठेवून हे आत गेले. कामाच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. ताई म्हणाली, "कोणतं गाणं आहे गं हे?" मी म्हटलं, "हत्तीचं."

दुपारी ताई आडवी झाल्यावर मी भांडी आवरायला गेले. ओट्यावर, धुतलेल्या ताटांच्या रांगेत, माझा पोचा पडलेला डबा पालथा घातलेला होता. त्याचं पाणी निथळत होतं. खिडकीत मातीच्या हत्तींच्या शेजारी कवळी उन्हात ठेवलेली होती आणि ती आतापर्यंत पार कोरडी झाली होती.

मी डबा पुसला आणि फळीवर, त्याच्या जुन्या जागी ठेवला.